सही मागण्याआधी ऐकून घ्या : इव्हँजेलिकल नेत्यांना खुले पत्र

प्रति,
इव्हँजेलिकल महासंघ, अधिवेशने, मिशन संस्था आणि सेमिनरी यांचे नेते,
तसेच विश्वासाची निवेदने लिहिणारे आणि त्यांवर सह्या मागणारे सर्व जण

प्रिय बंधुभगिनींनो,

प्रभूच्या नावाने सलाम.

हा मजकूर मी आधी खासगी पत्र म्हणून पाठवला होता. पोच आली, उत्तर आले नाही. म्हणून आता तो सर्वांसमोर ठेवते आहे. आपल्यापैकी कोणाचा अपमान करण्याचा हेतू नाही. पण गप्प राहून सही करणे मला जमणार नाही, आणि गप्प राहून निघून जाणे तर त्याहून नाही.

मी एका इव्हँजेलिकल मंडळीत, म्हणजे सुवार्तेवर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये, प्रौढांचा शास्त्राभ्यास (बायबल-अभ्यास) वर्ग घेते. पाळक नाही, सेमिनरीची (पाळक घडवणाऱ्या महाविद्यालयाची) पदवीधर नाही. आमच्या मंडळीच्या मातृसंस्थेने अलीकडे असा निर्णय घेतला, की शिकवणारे, गायन चालवणारे, मुलांचे वर्ग घेणारे अशा प्रत्येकाने विश्वासाच्या नव्या निवेदनावर सही करावी. जो करणार नाही त्याची सेवा थांबेल. जुने निवेदन एका पानात मावत होते. त्रैक्य देव (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा), ख्रिस्ताचे देवत्व आणि मनुष्यत्व, त्याचे वधस्तंभावरचे मरण आणि पुनरुत्थान, कृपेने विश्वासाद्वारे तारण, पवित्र शास्त्राचा अधिकार, प्रभूचे पुन्हा येणे. त्यावर मी पूर्वी आनंदाने सही केली होती, आजही करीन. नव्या निवेदनात हे सगळे आहेच. पण त्याच रांगेत, त्याच वजनाने आणखीही काही आहे : सृष्टीचे सहा दिवस चोवीस तासांचेच होते, ख्रिस्ताचे आगमन सहस्रवर्षांच्या राज्याआधी आणि एका ठरावीक क्रमानेच होईल, पुरुष बसलेल्या वर्गाला स्त्रीने शिकवू नये.

मसुदा आम्हांला कोणी दाखवला नव्हता. चर्चा झाली नाही. विचारले तेव्हा ‘वरून आले आहे’ एवढेच सांगितले गेले. (वरून म्हणजे स्वर्गातून नव्हे, असे मी गृहीत धरते.) माझ्या बाबतीत तर पेच मोठा मजेदार आहे. सही केली तर त्या सहीनेच माझा वर्ग बंद होतो, आणि नाही केली तरी बंद होतो.

त्या संस्थेचे नाव मी घेत नाही, कारण हा एका संस्थेचा दोष असता तर मी हे पत्र आपल्याला लिहिलेच नसते. जगभरच्या इव्हँजेलिकल मंडळ्यांत गेली काही वर्षे हेच चालले आहे. कुंपण रोज थोडे आत सरकते आणि काल घरचा असलेला माणूस आज बाहेरचा ठरतो. कुंपण कोण सरकवते, कधी आणि कोणाला विचारून, याचे उत्तर मात्र कोणीच देत नाही.

मी बाहेरून दगड मारणारी नाही, हे आधीच सांगते. इतिहासकार डेव्हिड बेबिंग्टन यांनी १९८९ मध्ये इव्हँजेलिकल माणसाच्या चार खुणा सांगितल्या : पालटलेले जीवन, सुवार्तेसाठी झटणे, शास्त्राला सर्वोच्च मान आणि वधस्तंभ केंद्रस्थानी. चारही मला लागू आहेत. शास्त्र चुकते असे मी शिकवत नाही. तारणाचे दुसरे मार्ग आहेत असेही नाही. विवाहाबद्दल मंडळीची ऐतिहासिक शिकवण मला मान्य आहे. तेव्हा ‘ही उदारमतवादी झाली’ असे म्हणून या पत्राचा निकाल लावता येणार नाही. तसा लावायचाच असेल तर निदान पुढे वाचून लावा.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. दुय्यम गोष्टींवर सह्या घेण्यात आपण जेवढी तत्परता दाखवता, तेवढी ना मूळ विश्वास शिकवण्यात दाखवता, ना आपल्याच माणसांच्या वागणुकीचा हिशेब घेण्यात.

इतिहासापासून सुरुवात करते, कारण ‘आपण नेहमी असेच होतो’ हा दावा तिथेच तपासता येतो. १८४६ च्या ऑगस्टमध्ये लंडनला अनेक देशांतले प्रॉटेस्टंट पुढारी जमले आणि त्यांनी इव्हँजेलिकल अलायन्सचा पाया घातला. सिद्धांताची नऊ कलमे ठरली. बाप्तिस्मा लहानपणी की मोठेपणी, मंडळीचा कारभार बिशपांकडे की वडिलांकडे (मंडळीतल्या ज्येष्ठांकडे), यावर पिढ्यान्पिढ्या भांडलेली माणसे त्या नऊ कलमांखाली एकत्र बसू शकली, कारण ती भांडणे त्यांनी कलमांत आणली नाहीत. मग परिषद कशावर अडली? गुलाम बाळगणाऱ्याला सभासद करावे की नाही, यावर. ब्रिटिशांना तसा सभासद नको होता, अमेरिकनांना ती अट नको होती. अखेर एक जागतिक संघटना उभी राहू शकली नाही, आणि देशोदेशीच्या वेगळ्या शाखांवर भागवावे लागले. अमेरिकेतली शाखा १८६७ मध्ये, यादवी युद्ध संपल्यावर उभी राहिली. सिद्धांतावर एकमत असलेली माणसे आचरणावर फुटली. त्या गुलामांनी कलमे वाचली असती तर त्यांना त्यांत कोणता दोष सापडला असता? काहीच नाही. कलमे उत्तम होती. माणसे मात्र विकली जात होती.

आता निवेदने लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लॉझान शहरात सुमारे दीडशे देशांतून दोन हजारांवर प्रतिनिधी आले. ब्रिटिश पाळक जॉन स्टॉट यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने मसुदा प्रतिनिधींपुढे ठेवला, सूचना मागवल्या, त्या वाचल्या आणि मजकूर बदलला. लॅटिन अमेरिकेतले रेने पादिया आणि सॅम्युएल एस्कोबार यांनी त्याच व्यासपीठावरून सुनावले होते, की गरिबी आणि अन्याय यांकडे पाठ फिरवून सांगितलेली सुवार्ता अर्धवट असते. पंधरा परिच्छेदांच्या लॉझान करारात पाचवा परिच्छेद सामाजिक जबाबदारीचा आहे, आणि त्यात याबाबतच्या दुर्लक्षाबद्दल पश्चात्तापही आहे. ऐकून घेतले की कागदात काय पडते, ते तिथे दिसते.

त्या करारातली एक गोष्ट मला विशेष आवडते. ज्यांच्या पुढाकाराने ती परिषद भरली त्या अमेरिकी सुवार्तिक बिली ग्रॅहम यांच्या पत्नी रूथ यांनी करारावर सही केली नाही. साध्या राहणीबद्दलचे वाक्य त्यांना त्या शब्दांत पटत नव्हते. म्हणून त्यांना कोणी इव्हँजेलिकल मानायचे सोडले नाही. सही न करणारी बाई मंडळीतच राहिली आणि करारही टिकला. आज आमच्याकडे हे घडेल का?

पन्नास वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, दक्षिण कोरियातल्या इंचॉनला चौथी लॉझान परिषद झाली. पाच हजारांवर प्रतिनिधी होते. तिचे ‘सोल निवेदन’ परिषदेच्या आरंभीच पूर्ण तयार स्वरूपात जाहीर झाले. जमलेल्यांनी त्यात भर घालावी अशी सोय ठेवलेली नव्हती. पुढे समलिंगी आकर्षण अनुभवणाऱ्या ख्रिस्ती लोकांविषयीच्या परिच्छेदांत जाहीर झाल्यानंतर फेरफार झाले. काही प्रतिनिधींनी फेरविचाराची विनंती केली. मी प्रामाणिकपणे सांगते, त्या निवेदनात पुष्कळ चांगले आहे, आणि ज्या धर्मशास्त्रीय गटाने ते लिहिले त्याची धुरा श्रीलंका आणि आफ्रिका इथल्या अभ्यासकांकडे होती. म्हणजे ‘पाश्चात्त्यांनी लादले’ हे आपले नेहमीचे रडगाणे इथे चालणार नाही. पद्धत चुकली की ती कोणाच्याही हातून चुकतेच. पाच हजार माणसांना बोलावायचे आणि त्यांच्या हाती छापील मजकूर द्यायचा, तर त्यांना बोलावले कशासाठी? आणि ज्यांच्याबद्दल ते परिच्छेद आहेत, ती माणसे आमच्या बाकांवर बसतात, आमच्याबरोबर प्रभुभोजन घेतात. आपल्याविषयीचा मजकूर रातोरात बदलला हे त्यांना बातमीतून कळावे, यात पाळकाचे मन कुठे दिसते? शिकवण बदला असे मी म्हणत नाही. ज्यांना ती जगायची आहे त्यांच्याशी बोला, एवढेच म्हणते.

आता सगळ्यांत जड तक्रार.

सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही अमेरिकेतली सर्वांत मोठी प्रॉटेस्टंट संघटना. तिच्या सेमिनरींतून शिकलेले पाळक, तिची पुस्तके आणि तिची निवेदने जगभर पोहोचतात, म्हणून ‘ते तिकडचे, आपला काय संबंध’ असे म्हणता येत नाही. मे २०२२ मध्ये, संघटनेनेच नेमलेल्या तपास संस्थेचा अहवाल आला. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेले लोक वर्षानुवर्षे दाद मागत होते. त्यांना सांगितले जाई, की स्थानिक मंडळ्या स्वायत्त आहेत, आम्ही काही करू शकत नाही. आणि त्याच काळात कार्यालयात आरोपींची एक यादी गुपचूप ठेवली जात होती. तीत सातशेहून अधिक नावे होती.

फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच संघटनेच्या कार्यकारी समितीने सहा मंडळ्यांना बाहेर काढले. त्यांतल्या पाच स्त्री-पाळकांच्या प्रश्नावरून गेल्या, एक अत्याचाराच्या प्रकरणात सहकार्य न केल्याबद्दल. पाचांत रिक वॉरन यांनी स्थापन केलेली सॅडलबॅक ही प्रचंड मंडळी होती. तिने अपील केले. जूनमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या अधिवेशनात सुमारे ८८ टक्के मतांनी हकालपट्टी कायम झाली. म्हणजे स्वायत्तता आड येत असूनही हात पोहोचतो, पोहोचवायचा असेल तर. न्यायाने सांगायचे तर अत्याचारप्रकरणी काही मंडळ्या त्याआधीही काढल्या गेल्या होत्या. पण तोल बघा. स्त्री-पाळकांविरुद्धची संघटनेच्या घटनेतली दुरुस्ती २०२४ मध्ये इंडियानापोलिसला आणि २०२५ मध्ये डॅलसला पुन्हा मतदानाला आली. दोन्ही वेळा सुमारे ६१ टक्के मते मिळाली, दोन-तृतीयांशाला कमी पडली, पण चिकाटी दांडगी. अत्याचार करणाऱ्यांची सार्वजनिक नोंदवही करण्याचे वचन २०२२ मध्ये दिले होते. तिच्यासाठी अशी चिकाटी कुठे दिसली? २०२५ मध्ये तर ते काम सध्या अग्रक्रमावर नाही असे सांगण्यात आले.

हे फक्त बॅप्टिस्टांचे नाही. जगभर फिरणारे ख्रिस्ती व्याख्याते रवी झकरायस यांची व्याख्याने ऐकून विश्वासात आलेले लोक माझ्या वर्गात आहेत. २०१७ मध्ये त्यांच्याविरुद्ध बोलणाऱ्या स्त्रीवर उलट खटला झाला आणि प्रकरण गोपनीयतेच्या करारात मिटले. ते मे २०२० मध्ये वारले. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या अहवालाने लैंगिक गैरवर्तन खरे असल्याचे सांगितले. विश्वासाचे कोणतेही निवेदन त्यांच्यापुढे ठेवले असते तर त्यांनी अडखळल्याशिवाय सही केली असती, याबद्दल मला शंका नाही. माझ्या वर्गातल्या लोकांनी मला विचारले, ‘ताई, मग आमचा विश्वास खोटा का?’ नाही, तो खोटा नाही, कारण तो माणसावर नव्हता. पण हे उत्तर देण्याची पाळी माझ्यावर का यावी? ज्यांनी तक्रारीकडे डोळेझाक केली त्यांनी ते द्यायला हवे होते.

तिसरी गोष्ट मूळ विश्वासाची. २०२२ मध्ये लिगोनियर मिनिस्ट्रीज आणि लाइफवे रिसर्च या ख्रिस्ती संस्थांच्या पाहणीत अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल लोकांपैकी ४३ टक्क्यांनी मान्य केले, की येशू थोर शिक्षक होता पण देव नव्हता. हे कोणी बाहेरचे लोक नव्हते. शास्त्र हाच आपला सर्वोच्च अधिकार, हे ठासून सांगणाऱ्यांचेच हे उत्तर होते. त्याच पाहणीत येशू हा देवाने निर्माण केलेला पहिला आणि सर्वांत थोर जीव आहे, या विधानालाही ७३ टक्क्यांनी होकार दिला. चौथ्या शतकातल्या एरियसचे म्हणणे नेमके हेच होते, आणि ते नाकारण्यासाठीच ३२५ साली नायसियाची परिषद भरली. पाहणीतले प्रश्न लोक घाईत समजून घेतात, हे मी जाणते. थोडी सूट देऊ. तरी हा दुसरा आकडा निम्म्याखाली येईल का, याची मला खात्री वाटत नाही.

आणि पंडित काय करत होते? २०१६ मध्ये इव्हँजेलिकल धर्मशास्त्रज्ञांत मोठा वाद पेटला. पुत्र पित्याच्या अनादिकाळापासून अधीन आहे, अशी मांडणी काही नामवंत मंडळी करत होती, आणि त्या अधीनतेचा दाखला पत्नीने पतीच्या अधीन असावे यासाठी दिला जात होता. त्यांच्याच गोटातल्या इतरांनी त्यांना हटकले, की अशाने नायसियाचा विश्वासांगिकार (विश्वासाची जाहीर कबुली) डळमळतो. हटकणाऱ्यांत स्त्रियांनी पाळक होऊ नये असे मानणारेही होते, हे विशेष. त्यांचे मला कौतुक वाटते. आपल्या बाजूचा मुद्दा बळकट होत असतानाही त्यांनी देवाविषयीची शिकवण वाकवू दिली नाही. पण मुळात घरातल्या अधिकाराचा वाद जिंकण्यासाठी त्रैक्याला हात घालण्याची पाळी येते, तेव्हा कोणती गोष्ट मुख्य आणि कोणती दुय्यम हे आपण विसरलो आहोत, असेच म्हणावे लागते.

राजकारणाबद्दल थोडक्यात. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीत मतदानोत्तर पाहणीनुसार सुमारे ८० टक्के गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांनी डोनाल्ड ट्रम्प यांना मत दिले. मत कोणाला द्यावे हा ज्याचा त्याचा विवेक. पण पुढे काय झाले ते पाहा. प्यू रिसर्चच्या २०२१ मधल्या विश्लेषणानुसार, २०१६ मध्ये स्वतःला इव्हँजेलिकल न म्हणणारे जे गोरे अमेरिकन ट्रम्प यांच्याबद्दल अनुकूल होते, त्यांच्यातले सुमारे १६ टक्के २०२० पर्यंत स्वतःला इव्हँजेलिकल म्हणू लागले. नाव पक्षाचे झाले की पश्चात्ताप न करताही ते लावता येते. उलट बाजूला, प्रिन्स्टन विद्यापीठातल्या विद्यार्थी संगतीने २०१७ मध्ये आपल्या नावातून ‘इव्हँजेलिकल’ काढून ‘ख्रिश्चन’ घातले. मला नाव सोडायचे नाही. जागतिक इव्हँजेलिकल अलायन्स सुमारे ६० कोटी लोकांच्या वतीने बोलते. त्यांतल्या बहुसंख्यांनी अमेरिकेत कधी मत दिलेले नाही, तरी त्यांना शेजारी विचारतात, ‘तुम्ही त्यांच्यातलेच ना?’ या प्रश्नाचा त्रास आपल्याला व्यासपीठावर होत नसेल. आम्हांला होतो.

स्त्रियांच्या प्रश्नावर मी मुद्दाम शेवटी आले, कारण त्यात माझा स्वार्थ आहे. २०१० च्या, तिसऱ्या लॉझान परिषदेच्या केप टाउन प्रतिज्ञेत आपणच नोंदवले आहे, की शास्त्राला निष्ठ असलेले लोक या विषयावर प्रामाणिकपणे वेगवेगळ्या निष्कर्षांना येतात. असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल संघटनेत स्त्रिया कित्येक दशके पाळक आहेत आणि त्यांना कोणी इव्हँजेलिकल वर्तुळाबाहेर टाकलेले नाही. तीमथ्याला लिहिलेले पहिले पत्र मी वाचले आहे, आणि रोमकरांस पत्राचा सोळावा अध्यायही. पहिल्यात स्त्रीने शिकवण्याची मनाई आहे. दुसऱ्यात किंख्रियातल्या मंडळीची सेविका फिबी आहे, आणि प्रिस्किल्लेचे नाव तिच्या पतीच्या आधी आहे. याच प्रिस्किल्लेने पतीबरोबर अपुल्लोसारख्या वक्त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावला होता. दोन्ही उतारे गंभीरपणे घेणारा माणूस कोणत्याही निष्कर्षाला आला तरी मी त्याचा आदर करीन. दुसरा निष्कर्ष म्हणजे अविश्वास, असे सहीच्या कागदावर लिहिणे मला मान्य नाही.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण देते. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. ज्या भगिनीमंडळाने त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच पुढे सिद्धांतांवरून त्यांचा लांबलचक पत्रव्यवहार झाला. त्रैक्याबद्दल, ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दल त्यांना शंका होत्या आणि त्यांनी त्या दडवल्या नाहीत. शास्त्रात मला दिसत नाही ते केवळ मंडळी सांगते म्हणून मानणार नाही, हा त्यांचा हेका होता. तारणाचा अनुभव त्यांना काही वर्षांनी आला. १९०५ मध्ये त्यांच्या मुक्ती मिशनात जे संजीवन (आत्मिक जागृती) झाले त्याचा उल्लेख आज जगभरचे इव्हँजेलिकल आणि पेंटेकॉस्टल इतिहासकार आदराने करतात. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. बाप्तिस्म्यानंतर वर्षभराने त्यांच्यापुढे आजच्यासारखा कागद ठेवून ‘सही कर नाहीतर नीघ’ म्हटले असते, तर त्या निघून गेल्या असत्या, यात मला तिळमात्र संशय नाही. स्वभावच तसा होता. आणि नुकसान मंडळीचे झाले असते.

इथे कोणी म्हणेल, मग सीमाच नकोत का? हव्यात. आपली भीती मला कळते. २०१४ च्या मार्चमध्ये वर्ल्ड व्हिजन या ख्रिस्ती मदतसंस्थेच्या अमेरिकी शाखेने समलिंगी विवाह केलेल्यांना नोकरीवर घेण्याचे जाहीर केले आणि दोन दिवसांत तो निर्णय मागे घेतला. त्याच वर्षी ब्रिटनच्या इव्हँजेलिकल अलायन्सने अशाच वादावरून पाळक स्टीव्ह चॉक यांच्या ओॲसिस ट्रस्टचे सभासदत्व थांबवले. एक वीट काढली की भिंत ढासळते, असे अशा वेळी वाटते. पण प्रेषितांच्या काळातल्या यरुशलेमच्या सभेतही हीच भीती होती. परराष्ट्रीयांची सुंता हवी की नको, हा तेव्हाचा ओळखीचा प्रश्न होता, आणि प्रेषितांनी ठरवले, की आवश्यक तेवढ्या थोड्याच गोष्टी सांगायच्या, जास्त ओझे लादायचे नाही. पुढे अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर सुनावले. पेत्राचा सिद्धांत तेव्हाही बरोबर होता. त्याचे उठणे सुवार्तेला धरून नव्हते.

उलट दिशेनेही जाता येते. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल फ्री चर्चने २०१९ मध्ये आपल्या निवेदनातून सहस्रवर्षपूर्व आगमनाची अट काढून टाकली, कारण त्या मुद्द्यावर शास्त्रनिष्ठ माणसे वेगळी मते बाळगतात हे त्यांनी मान्य केले. आभाळ कोसळले नाही. शास्त्राच्या निर्दोषत्वाबद्दलच्या १९७८ च्या शिकागो निवेदनावर सही करणाऱ्यांतही पृथ्वीच्या वयाबद्दल एकमत नव्हते. मग शिकागोला जे पुरले ते आमच्या संडेस्कूलच्या शिक्षकाला का पुरू नये?

आता मागण्या.

ज्या निवेदनावर सही केल्याशिवाय कोणाला सेवा करता येणार नाही, त्याचा मसुदा आधी मंडळ्यांपुढे ठेवा, लोकांच्या भाषेत ठेवा, आणि उत्तरांसाठी निदान सहा महिने द्या. कोणी लिहिले, कोणत्या सूचना आल्या, कोणत्या घेतल्या आणि कोणत्या का नाकारल्या, हे जाहीर करा. जाहीर झाल्यावर एक शब्द जरी बदलला तरी तो कधी आणि का बदलला ते त्याच कागदावर लिहा.

निवेदनाचे दोन भाग करा. ज्यावाचून ख्रिस्ती विश्वास उरत नाही तो एक. ज्यावर आपली मंडळी एका मताची आहे पण दुसऱ्यांना भाऊ मानते, तो दुसरा. सही पहिल्यावरच घ्या. दुसऱ्यासाठी शिस्त पाळण्याचे आश्वासन पुरे. माझ्या मंडळीने दुसऱ्या भागात ‘स्त्रिया पुरुषांना शिकवणार नाहीत’ असे ठरवले आणि ते चर्चेनंतर ठरवले, तर मी वर्ग सोडीन. दुःखाने सोडीन, पण भांडणार नाही.

सही मागण्याआधी शिकवा. त्रैक्यावर आपल्या मंडळीत शेवटचे प्रवचन कधी झाले, ते आठवून पाहा. विश्वासांगिकार तोंडपाठ असणे पुरेसे नाही. पुत्र निर्माण केलेला नाही याचा अर्थ काय, हे ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून सृष्टीच्या दिवसांवर सही घेऊन काय मिळवले?

स्त्री-पाळक नेमणाऱ्या मंडळीवर जेवढ्या लवकर कारवाई होते, तेवढ्याच लवकर अत्याचार झाकणाऱ्या मंडळीवर करा. तक्रारीचा तपास संस्थेबाहेरच्या माणसांकडे द्या. गुन्हा असेल तर आधी पोलिसांकडे जा, वडिलांच्या बैठकीकडे नंतर. गोपनीयतेचे करार बंद करा आणि जुन्या करारांतून पीडितांना मोकळे करा. एका मंडळीतून काढलेला माणूस दुसरीत पाळक होऊ नये म्हणून नोंदवही ठेवा, ती उघडी ठेवा.

कोणत्याही देशात, कोणत्याही पक्षासाठी, इव्हँजेलिकल म्हणून पाठिंबा जाहीर करू नका. नागरिक म्हणून बोलायचे असेल तर स्वतःच्या नावाने बोला.

आणि विवेकाने सही नाकारणाऱ्याला म्हणणे मांडण्याची संधी द्या. त्याची बाजू ऐकणारी माणसे निवेदन लिहिणाऱ्यांपैकी नसावीत, आणि त्यांत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात.

या पत्राला उत्तर द्यायचे असेल तर खुलेच द्या, म्हणजे माझ्यासारख्या इतरांनाही ते वाचता येईल. सगळ्या मुद्द्यांना उत्तर देणे जमणार नसेल तर दोनच प्रश्न घ्या : आमच्या हाती दिलेले निवेदन कोणी लिहिले, आणि त्याविरुद्ध दाद कोणाकडे मागायची? ही दोन उत्तरे मिळेपर्यंत मी सही करणार नाही. तेवढ्यावरून माझी सेवा थांबवायची असेल, तर कारण लेखी द्यावे.

ख्रिस्तात आपली,
एक शास्त्रशिक्षिका